तिसावा थर

वहिनी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पहिले चार महिने त्यांना जळालेल्या तारेचा वास सहन व्हायचा नाही. घर वर आणि खाली मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं दुकान. जिन्याचं दार कितीही घट्ट लावलं तरी वास वर यायचाच, अंथरुणा-पांघरुणात शिरून बसायचा. पुढे त्याच वासावरून त्या सांगू लागल्या, की ही मोटर पाण्याने गेली, ही अति लोडने गेली आणि हिला कुणीतरी शहाणपणा करून उलटं कनेक्शन दिलं.

गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले समोरचे घड्याळजीसुद्धा.

दुकान सासऱ्यांचं. वहिनी त्यांना मामंजी म्हणत. मामंजींची फार इच्छा होती की मुलाने गादी चालवावी, पण मुलाच्या हाताला ते काम कधी मानवलंच नाही. त्याच्या हातात पक्कड दिली तर तो आधी स्वतःचंच बोट पकडायचा. शेवटी त्याने माल पोचवण्याच्या व्हॅनवर ड्रायव्हरकी धरली आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

एकदा असं झालं, की लाँड्रीवाल्याची मोठी मोटर आली. सोमवारपर्यंत हवी म्हणजे हवीच. नेमका शुक्रवारी पत्र्याच्या कडेने मामंजींचा अंगठा चांगला खोलवर कापला. वहिनी चहा घेऊन खाली गेल्या, तर मामंजी पट्टी बांधलेल्या हाताने तार ओढायच्या प्रयत्नात घामाघूम झालेले.

"मी धरू का टोक?" वहिनींनी विचारलं.

मामंजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चहा तिकडे ठेव आणि हात कोरडे कर."

सोमवारी मोटर लाँड्रीत सुरू झाली. मंगळवारी वहिनी न बोलावता खाली आल्या. लोकांनी नाकं मुरडली. एक गिऱ्हाईक तोंडावर बोललं, "सुनेला वायरीत हात घालायला लावता?" मामंजी शांतपणे म्हणाले, "मी कुठे लावतोय? मी नुसता बसलोय. तुमची मोटर तीच भरतेय. नको असेल तर घेऊन जा." गिऱ्हाइकाने मोटर नेली नाही.

मामंजी बोलून फारसं शिकवत नसत. तार किती ताणायची ते वहिनींच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाखवायचे. कागद कसा दुमडायचा, वार्निश कधी सुकलं म्हणायचं, टोक कुठे सोडायचं, सगळं असंच. बोलून सांगितलेल्या गोष्टी दोन-चारच. त्यातली एक अशी, की वेढे मोजताना कुणाशी बोलायचं नाही. "अगदी मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही," ते म्हणत. एक थर भरला की पाटीवर खडूची एक रेघ, आणि रेघ मारल्याशिवाय पुढचा वेढा नाही.

वर्षं गेली. मामंजींची नजर मंदावली, ते वरच्या खोलीत खिडकीपाशी बसू लागले आणि दुकान पूर्णपणे वहिनींवर आलं. त्याच सुमारास काम आटायला लागलं. मोटर जळली की लोक ती भरून घ्यायच्याऐवजी नवी आणू लागले. दिवसच्या दिवस एखादा मिक्सर नाहीतर पंखा, बस्स. वहिनी मनातल्या मनात शटर कायमचं ओढायच्या गोष्टी करू लागल्या होत्या, तेवढ्यात एका सकाळी एक बाई जळालेला पंप पोटाशी धरून दुकानात आल्या. चाळिशीच्या, केस कसेबसे बांधलेले, बाहीवर ग्रीसचा डाग.

"आजच्या आज होईल का हो, ताई? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला आहे. थंड पाणी थांबलं तर माझं सगळंच थांबतं."

"बसा," वहिनी म्हणाल्या.

त्या बाई स्टुलावर बसल्या आणि तीन तास हलल्या नाहीत. फोन आला तर बंद केला. वहिनींचे हात कसे चालतात हे त्या एकटक बघत होत्या. पंप सुरू झाला तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "ताई, तुम्ही मोठी कॉइल भराल? एवढी?" आणि दोन्ही हात पसरून त्यांनी बैलगाडीच्या चाकाएवढा घेर दाखवला. "दोन हव्यात. अगदी जुळ्या. कारखानेवाले आठ महिने सांगताहेत."

"कशाला हव्यात ते सांगा, मग सांगते."

अशी वहिनींची आणि मॅडमची ओळख झाली. मॅडम ताऱ्यांचा अभ्यास करत. पण दुर्बिणीला डोळा लावून नाही, तर एका तळघरात, पोलादी गोळा फिरवून. तो गोळा बघायला वहिनी पुढच्याच आठवड्यात गेल्या. बिनखिडक्यांची खोली, जमिनीला बोल्टने जखडलेली चौकट आणि त्यात कलिंगडाहून मोठा चकचकीत गोळा. गोळ्यात खोलीतल्या उबेलाच पातळ राहणारा धातू भरलेला, पाऱ्यासारखा चंदेरी. त्याच्या पोटात आणखी एक लहान गोळा, तो वेगळ्या वेगाने फिरणारा.

मॅडमनी खडू घेऊन भिंतीवरच्या फळ्यावर एक वर्तुळ काढलं. "हा सूर्य. हा आपल्या पृथ्वीसारखा घट्ट नाही. मधला पट्टा साधारण पंचवीस दिवसांत एक फेरी मारतो, टोकांकडचा भाग मागे रेंगाळतो, त्याला आणखी आठ-दहा दिवस लागतात. आता सूर्याच्या आतला वायू वीज वाहून नेणारा. चुंबकाच्या रेषा त्यात अडकून पडतात, वायू जाईल तिकडे ओढल्या जातात." त्यांनी वरून खाली एक उभी रेघ ओढली. "ही रेषा. मधला भाग पुढे पळाला, टोकं मागे राहिली. काय होईल?"

वहिनींनी पुढे होऊन फळ्यावरची रेघ बोटाने पुसली आणि वर्तुळाभोवती आडवे वेढे काढले. एक, दोन, तीन, चार.

"भरली जाईल," त्या म्हणाल्या. "तार भरतो तशी."

मॅडम हसत सुटल्या. "हे मी विद्यार्थ्यांना दोन तास घेऊन शिकवते!"

"आणि वरच्या अर्ध्यात एकीकडे, खालच्या अर्ध्यात उलटीकडे. नाही का? रेघ मधूनच ओढली गेलीय ना."

आता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. "बरोबर. वर जेवढं, खाली तेवढंच, पण उलट. मधोमध शून्य. तेच मला या गोळ्यात मोजायचंय. ती उभी रेषा गोळ्यात घालायला वर एक आणि खाली एक कॉइल हवी, म्हणून जुळ्या."

मग चहा पिता पिता आणखी गोष्टी निघाल्या. सूर्यासारखे तारे लहानपणी फार जोरात फिरतात, कुणी तर दिवसाभरात फेरी पूर्ण करतो. जितकं जोरात फिरणं तितकं चुंबकत्व जबर, अंगावर मोठमोठे डाग, सारखे स्फोट. पण ताऱ्यातून वारा निघतो, तो चुंबकाच्या रेषांना धरून लांबवर जातो आणि जाताना ताऱ्याचा वेग थोडाथोडा काढून नेतो.

"म्हणजे स्वतःचंच चुंबकत्व स्वतःला ब्रेक लावतं?" वहिनींनी विचारलं.

"हो. आणि वेग कमी झाला की चुंबकत्वही कमी, म्हणजे ब्रेकही हलका. म्हणून जन्मताना कुणी कितीही उधळलेला असो, वय वाढलं की सगळे जवळपास सारख्या चालीला येतात. आपला सूर्यही असाच निवलाय. तो अजून पहिल्यासारखा उधळत असता तर इथे राहणं अवघड होतं आपल्याला."

वहिनी त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये बसल्या तेव्हा खिडकीतून दुपारचं ऊन थेट मांडीवर येत होतं. एरवी त्या जागा बदलत. त्या दिवशी नाही बदलली.

मामंजींना त्यांनी सगळं सांगितलं. मामंजींनी फक्त एक विचारलं, "तार किती जाडीची वापरणार?"

एका कॉइलला तीस थर, प्रत्येक थरात चाळीस वेढे. वहिनींनी लाकडाचा साचा स्वतः करून घेतला. पहिली कॉइल नऊ दिवसांत झाली, देखणी, थराला थर लागलेला. दुसरीचे एकोणीस थर झाले होते आणि विसावा भरत आला होता, तेव्हा फोन वाजला. वहिनींनी घेतला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी उचलला. व्हॅनच्या मागच्या फळीवरून नवरा खाली पडला होता. खुबा मोडला होता.

पुढचे अकरा दिवस वहिनी हॉस्पिटलच्या बाकावर होत्या. ऑपरेशन झालं, ताप आला, उतरला. डॉक्टरांनी, "चालतील, पण घाई करू नका," असं सांगितलं तेव्हा त्या बाकावरच बसून पाच मिनिटं ढसाढसा रडल्या आणि मग नवऱ्याला जाऊन म्हणाल्या, "आता तरी उड्या मारू नका, वय झालं तुमचं." तो म्हणाला, "उडी नव्हती गं, पडणं होतं." एवढ्या दुखण्यातही त्याची थट्टा शाबूत आहे हे पाहून वहिनींच्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर त्यांनी कॉइल पुरी केली. मॅडमनी एकदाही तगादा लावला नव्हता. उलट दोनदा हॉस्पिटलमध्ये येऊन फळं ठेवून गेल्या होत्या. म्हणून वहिनींनी रात्रीचा दिवस केला आणि कॉइल वेळेच्या आत नेऊन दिली.

तीन महिने गेले. नवरा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. एका दुपारी मॅडम दुकानात आल्या. काम काहीच नव्हतं. नुसत्याच येऊन स्टुलावर बसल्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"मधोमध शून्य येत नाही, ताई. थोडासाच, पण आकडा येतोच. वरचा आकडा खालच्याहून कमी भरतो. गोळा तीनदा उघडला. धातू गाळून पुन्हा भरला. मोजणारी यंत्रं बदलली. दोन महिन्यांनी सगळ्यांसमोर आकडे मांडायचेत आणि माझ्याकडे मांडण्यासारखं काही नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "जाऊ दे. चहा द्या."

संध्याकाळी वहिनींनी मामंजींना ही हकीकत सांगितली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना झोप लागली असं वाटून वहिनी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"गोळा उलटा फिरवला की तो मधला आकडा उलटतो का?"

"उलटतो म्हणाल्या."

"आणि कॉइलचा करंट उलटा केला की?"

"तेव्हाही उलटतो."

"म्हणजे मोजणारं यंत्र खोटं बोलत नाही. वरच्या आणि खालच्या कॉइलमध्ये फरक असेल." मामंजी कुशीवर वळले. "उरलेली तार तोललीस का?"

 काम झालं की रिळावर उरलेली तार तोलायची, हा मामंजींचा जुना नेम होता. किती आणली, किती उरली, म्हणजे पोटात किती गेली ते कळतं. पहिल्या कॉइलच्या वेळी त्यांनी तोलली होती, वहीत लिहिलीही होती. दुसरीच्या वेळी नवऱ्याची औषधं, त्याला उठवणं-बसवणं, त्यात ते राहून गेलं होतं.

त्या खाली गेल्या. दोन्ही रिळं एकाच वजनाची आणली होती. दुसरं रीळ फळीवर तसंच पडलं होतं. त्यांनी ते काट्यावर ठेवलं. वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त भरलं. किती जास्त? त्यांनी चाळीस वेढ्यांची लांबी काढली, तेवढी तार मापून कापली, काट्यावर टाकली. काटा नेमका तिथेच आला.

मग सगळं आठवलं. फोन वाजत होता म्हणून त्यांनी विसावी रेघ आधीच मारली होती, तो थर पुरा व्हायच्या आधी. थर पुरा करून मग उठू, असं मनात होतं. पण त्या तशाच धावल्या. अकरा दिवसांनी परतल्यावर त्यांनी साच्यावर घड्याळजींनी टाकून ठेवलेलं कापड काढलं, विसाव्या थराचे सुटलेले वेढे एकोणिसाव्यापर्यंत उलगडून काढले, पाटीवर वीस रेघा दिसल्या आणि त्यांनी सरळ एकविसाव्यापासून मोजायला सुरुवात केली.

वहिनी स्टुलावर बसून राहिल्या. बाहेरून नवऱ्याच्या काठीचा आवाज आला, गेला. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांच्या मनात आलंच. मॅडमना कुठे कळणार आहे? त्या तर गोळाच उघडून बघताहेत. पण हा विचार जेमतेम आला आणि त्यांना इतकी लाज वाटली, की कुणी ऐकलं तर नाही ना, अशा नजरेने त्यांनी मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने त्या विद्यापीठात पोचल्या. मॅडम गोळ्याखाली उताण्या पडून बोल्ट सैल करत होत्या.

"मॅडम, बाहेर या. चूक माझी आहे."

मॅडम बाहेर आल्या. वहिनींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, रेघ, रीळ, काटा. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "वरच्या कॉइलला एक थर कमी आहे. चाळीस वेढे. तुमचे तीन महिने माझ्यामुळे गेले."

मॅडम फळ्याकडे गेल्या. वरच्या कॉइलमध्ये बाराशेऐवजी अकराशे साठ वेढे धरून त्यांनी आकडेमोड केली. दोनदा केली. मग भिंतीवर डकवलेल्या कागदाजवळ जाऊन तिथला आकडा बघितला. दोन्ही जवळजवळ सारखे होते. त्यांनी खडू ठेवला, वहिनींपाशी येऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

"ताई, तीन महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलंय."

"रागवा तरी हो."

"कुणावर? दोन्ही कॉइल बसवायच्या आधी वेगवेगळ्या तपासणं माझं काम होतं. मी फक्त मधोमध मोजलं, करंट जरा वाढवून आकडा जुळवला आणि पुढे गेले. तुमचं काम इतकं सुबक होतं, की तपासायचं सुचलंच नाही. चूक अर्धी तुमची, अर्धी माझी."

वहिनींना वाटलं होतं, त्या फारतर चांगल्या शब्दांत निरोप देतील. पण मॅडमनी विचारलं, "कधी भरता तिसावा थर? आज जमेल?"

त्याच दुपारी कॉइल उतरवून टेबलावर घेतली. मॅडमनी वहिनींचा फोन काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, स्वतःचाही ठेवला, दाराबाहेर 'आत येऊ नका, बोलू नका' असा कागद लावला आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. वहिनींनी वरचा कागद सोडवला, टोकाला नवी तार जोडली आणि मोजायला लागल्या. खोलीत तार सरकण्याचा तेवढा आवाज. चाळिसावा वेढा बसला तेव्हा त्यांनी टेबलावरच खडूची रेघ मारली. उरलेली तार तोलायला मॅडमनी प्रयोगशाळेतला नाजूक काटा आणून दिला.

वार्निश सुकायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गोळा फिरला. आधी सावकाश. पडद्यावर तीन रेषा सरकू लागल्या. वरची रेषा चढत गेली, खालची तितकीच उतरत गेली आणि मधली गप्प पडून राहिली, शून्यावर. मॅडमनी वेग वाढवला. वरची आणखी वर, खालची आणखी खाली. आणखी वाढवला. मधली हलली नाही. मॅडम पुटपुटत होत्या, "फिरणं वाढलं, वेढे वाढले… फिरणं वाढलं, वेढे वाढले…" आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

वहिनी मागे खुर्चीला धरून उभ्या होत्या. काटा मामंजींचा, नेम मामंजींचा, आणि धीर या परक्या बाईने दिलेला. आपलं म्हणून त्यात काय होतं, तर हात, आणि तेसुद्धा कुणीतरी वेळेवर ओळखले म्हणून. असं मोजायला बसलं तर देणी फार निघाली असती. वहिनी मोजत बसल्या नाहीत. त्यांनी मॅडमच्या हातात स्वतःचा रुमाल दिला.

मॅडमनी ठरल्या वेळी आकडे मांडले. मांडताना हा थराचा किस्साही न लपवता सांगितला, म्हणजे पुढच्यांनी कॉइल आधी तपासाव्यात. लोकांना तो किस्सा आकड्यांहून जास्त आवडला, असं त्या हसत सांगत होत्या. मग इतर दोन प्रयोगशाळांतून वहिनींना कॉइलची विचारणा आली. शटर ओढायच्या गोष्टी मागे पडल्या. दर गुरुवारी मॅडमचे विद्यार्थी दुकानात येऊन वाइंडिंग शिकू लागले आणि वहिनी त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवू लागल्या.

सगळ्यात शेवटी मामंजींना तो गोळा दाखवायचं ठरलं. नवरा तोवर पुन्हा व्हॅन चालवू लागला होता. त्याने पुढच्या सीटवर उशी ठेवून वडिलांना बसवलं. तळघराच्या पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. गोळा फिरत होता. मामंजींना तो अंधुक चमकीपलीकडे फारसा दिसत नव्हता. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि हळू आवाजात सगळं समजावलं. सूर्य, वेढे, वारा, ब्रेक. मामंजी मान हलवत ऐकत होते.

"सूर्याला बेअरिंग कुठलं असतं?" त्यांनी विचारलं.

"लागतच नाही, आजोबा. तो मोकळा फिरतो."

"बरंय त्याचं," मामंजी म्हणाले. मग त्यांनी हात पुढे करून चौकटीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि तसेच राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या याला मात्र लागतं. खालचं बदला. फार दिवस नाही काढायचं ते."

"पण चारच महिन्यांपूर्वी नवं बसवलंय…" मॅडम म्हणाल्या.

"मी उघडते," वहिनी म्हणाल्या आणि बाह्या सरसावून चौकटीखाली शिरल्या. नवऱ्याने बॅटरी धरली. मॅडमनी गोळा थांबवला, पाने आणले. तासाभराने बेअरिंग बाहेर निघालं. वहिनींनी ते फडक्याने पुसलं, कडेवर नखाएवढा खड्डा पडलेला दिसला, आणि ते त्यांनी मामंजींच्या हातात दिलं. मामंजींनी ते कानाशी धरून बोटाने फिरवलं, ऐकलं, आणि मॅडमकडे तोंड करून म्हणाले, "घ्या. ऐका तुम्हीपण."

मॅडम खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि कान पुढे केला.